मायबाप कंपनी

एका मोठ्या कंपनीत मी नऊ वर्षं नोकरी केली. काम होतं कर्मचाऱ्यांसाठीची माहितीपत्रकं लिहिण्याचं. आरोग्यविमा, बाळंतपणाची रजा, पाळणाघर, समुपदेशन, मुलांच्या शिक्षणाला मदत, शेअर. कंपनी जे काही देते ते सोप्या, आपुलकीच्या भाषेत लोकांपर्यंत पोचवायचं. मी मन लावून लिहायचे. लिहिताना समोर माणूस दिसायचा: पहिलटकरीण, म्हाताऱ्या आईवडिलांचं सगळं बघणारा एकुलता एक मुलगा, पहिलीच नोकरी लागलेली मुलगी. मजकूर सगळा माझा असायचा. फक्त शेवटची ओळ कायदा विभागाकडून यायची आणि तिला हात लावायची परवानगी नव्हती. ‘वरील सुविधा देणे कंपनीच्या इच्छेवर अवलंबून असून त्या कोणत्याही वेळी, पूर्वसूचना न देता बदलण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे.’

सुरुवातीची काही वर्षं मी ती ओळ धड वाचतही नव्हते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकायची आणि फाइल पुढे पाठवायची.

मग एका वर्षी कपात झाली. आमच्या मजल्यावरची एक सहकारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सगळे तिला ताईच म्हणायचे, तिचं नाव यादीत आलं. तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. रात्री तिचा मला फोन आला. नोकरी गेल्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. एवढंच विचारलं, “अगं, विम्याचं पत्रक तूच लिहिलंयस ना? मग मला सांग, शेवटचा दिवस कुठला धरायचा? महिनाअखेर, की मला सोडतात तो दिवस?” मी लॅपटॉप उघडला आणि माझंच पत्रक वाचायला लागले. वर मोठ्या अक्षरात मी लिहिलं होतं, ‘तुमच्या माणसांची काळजी, आमची जबाबदारी’. तिला हवं होतं ते उत्तर खाली होतं, बारीक अक्षरात. नोकरीचा शेवटचा दिवस तोच विम्याचा शेवटचा दिवस.

फोनवर ते वाक्य मला वाचून दाखवावं लागलं. तेव्हापासून मी असली पत्रकं खालून वर वाचते.

कंपनीने काही चांगलं जाहीर केलं की बाहेरची माणसं लगेच विचारतात, यात यांचा काय फायदा? मालकाने कोट्यवधींचं दान केलं की म्हणतात, आधी स्वतःच्या कामगारांना द्या म्हणावं. आत असताना मला याचा राग यायचा. वाटायचं, केलं तरी नावं, नाही केलं तरी नावं. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. आज तसं वाटत नाही. या संशयात थोडा मत्सर असेलही, पण त्याहून कितीतरी जास्त अनुभव आहे, आणि तो एका पिढीचा नाही.

शिकागोच्या दक्षिणेला जॉर्ज पुलमन या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखानदाराने १८८०च्या दशकात कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. विटांची पक्की घरं, नळाचं पाणी, गॅस, बागा, नाट्यगृह, वाचनालय. त्या काळच्या कामगार वस्त्यांच्या मानाने ते खरोखरच चांगलं गाव होतं, दुरून दुरून लोक बघायला यायचे. पण त्यातली वीट न् वीट कंपनीची. घर विकत घेता येत नसे, भाड्यानेच राहायचं. वाचनालयाला वर्गणी होती. चर्चची देखणी इमारत होती, तिचं भाडं इतकं की बराच काळ ती रिकामीच राहिली. गावात घातलेल्या पैशावर सहा टक्के सुटले पाहिजेत असा पुलमनचा हिशेब होता. १८९३ साली मंदी आली, डब्यांना मागणी उरली नाही आणि कंपनीने मजुरी सरासरी पाव हिश्शाने कापली, काहींची त्याहून जास्त. घरभाडं तेवढंच राहिलं. भागधारकांना लाभांशही मिळत राहिला.

तिथल्या एका पाद्र्याने त्या दिवसांतली एक हकिगत जाहीरपणे सांगितली होती. भाडं वळतं करून घेतल्यावर एका कामगाराच्या हातात दोन सेंटचा चेक पडला. त्याने तो वटवला नाही, फ्रेम करून ठेवला.

त्या फ्रेमचा विचार माझ्या मनातून जात नाही. घर कंपनीचं असल्यामुळे भिंतही कंपनीचीच असणार. फ्रेमला आणि काचेला दोन सेंटपेक्षा जास्तच पैसे पडले असणार, आणि घरात तेव्हा पैशाची किती ओढाताण असेल. तरी त्याने ते केलं. उद्या कुणी म्हणालं, तुम्हाला राहायला चांगलं घर दिलं होतं, बाग दिली होती, तर दाखवायला त्याच्याकडे एक कागद होता.

मे १८९४ मध्ये संप झाला, पाहता पाहता देशभरातल्या रेल्वे अडल्या, सरकारने सैन्य उतरवलं, गोळीबार झाले, माणसं मेली. संप मोडला. पुढे १८९८ साली इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डबे बनवण्यासाठी काढलेल्या कंपनीला गाव बाळगायचा अधिकार नाही, घरं विकून टाका. पुलमन तोवर वारला होता. कामगारांच्या रागाची घरच्यांना इतकी धास्ती की त्याची शवपेटी काँक्रीट ओतून पुरली.

हेन्री फोर्डचं उदाहरण नेहमी उलट बाजूने दिलं जातं. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, तेव्हाच्या मजुरीच्या दुपटीहून जास्त, आणि कामाचे तास नवावरून आठ. जगभर वाहवा झाली. त्यामागचं कारणही जगजाहीर आहे. चालत्या पट्ट्यावरचं एकसुरी काम माणसांना सहन होत नव्हतं, लोक सोडून जात होते. १४,०००च्या आसपास जागा भरलेल्या ठेवायला १९१३ या एका वर्षात ५२,०००च्या वर माणसं घ्यावी लागली होती. यात मला काही वावगं वाटत नाही. मालकाचा फायदा आणि कामगाराचा फायदा एकाच दिशेला असेल तर उत्तमच. मला टोचते ती पुढची गोष्ट. पाच डॉलरमधला जवळजवळ निम्मा भाग ‘नफ्यातला वाटा’ म्हणून दिला जायचा आणि तो मिळायला माणूस लायक ठरावा लागे. त्यासाठी कंपनीने वेगळा विभागच काढला. त्याचे निरीक्षक घरी यायचे. घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, शिल्लक किती टाकतो, लग्न झालंय का, घरात भाडेकरू ठेवलेत का, सगळं विचारून लिहून न्यायचे. मजुरी कष्टाची मिळते. हा वाटा मात्र वागणुकीचा मिळत होता, आणि चांगली वागणूक कशाला म्हणायचं ते मालक ठरवत होता.

आज कुणी घरी येत नाही. पण पावलं किती चाललात, झोप किती झाली, ध्यानाचं ॲप उघडलं का, याची नोंद दिली तर विम्याच्या हप्त्यात सूट, अशा योजनांची पत्रकं मी स्वतः लिहिली आहेत. भाषा किती गोड होती ते मला आठवतं.

‘हवी तेवढी रजा घ्या’ ही योजना आली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. रजेची मर्यादाच काढून टाकली! दोनेक महिन्यांनी लेखा विभागातल्या एका मैत्रिणीने मला जेवताना शांतपणे समजावून सांगितलं. आधी तुमच्या खात्यावर वर्षाला अमुक रजा जमा व्हायची. ती तुमची होती. नाही घेतली तर जिथे कायदा किंवा नियम असेल तिथे नोकरी सोडताना तिचे पैसे मिळायचे, म्हणजे कंपनीच्या वहीत ती देणं म्हणून दिसायची. आता खात्यावर काही जमाच होत नाही. त्यामुळे देणंही नाही. आणि दर वेळी रजा मागताना साहेबांच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं ते वेगळंच, कारण पूर्वी मागायची ती आपली शिल्लक असायची, आता मागायची ती परवानगी. ती हे बोलली आणि मला पुन्हा ती शेवटची ओळ आठवली.

एखादी गोष्ट किती दिली यापेक्षा ती परत कोण घेऊ शकतं, हे मी आता आधी बघते. पगार एकदा खात्यात आला की आपला. पण निवृत्तिवेतनासारखी, वर्षानुवर्षं साठत गेलेली गोष्टसुद्धा पूर्वी किती कच्च्या धाग्यावर टांगलेली असायची, ते स्टुडबेकरच्या कामगारांनी भोगलं. ही अमेरिकेतली मोटार कंपनी. साउथ बेंड या गावातला तिचा कारखाना बंद होणार हे डिसेंबर १९६३ मध्ये जाहीर झालं आणि निवृत्ती निधीत सगळ्यांना पुरेल एवढा पैसाच नाही हे उघड झालं. साठीला पोचलेल्यांना पूर्ण रक्कम मिळाली. चाळीस ते साठच्या मधले, हक्क लागू झालेले सुमारे ४,००० कामगार होते, त्यांच्या हाती साधारण पंधरा टक्के आले. त्याहून तरुण होते त्यांना काहीच नाही. कुणी चोरी केली नव्हती. वचन दिलं होतं, पण ते पाळता येईल एवढा पैसा बाजूला ठेवायची सक्ती नव्हती. अकरा वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेत निवृत्ती निधींसाठी कायदा झाला. एन्रॉन ही तिथली ऊर्जा कंपनी २००१ मध्ये बुडाली तेव्हा कायदा असूनही कर्मचाऱ्यांची निवृत्तीची बचत बुडाली, कारण तिचा मोठा भाग कंपनीच्याच शेअरमध्ये होता. पगार आणि म्हातारपण दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं होतं.

ही झाली जुनी उदाहरणं. जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने १२,००० जणांना कमी करायचं ठरवलं. अमेरिकेतल्या लोकांना किमान सोळा आठवड्यांचा पगार देऊ केला, आणि ही रक्कम थोडी नाही. इतर बऱ्याच ठिकाणी याच्या निम्मंही मिळत नाही. तरीही त्यात काही जण बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या मंजूर रजेवर होते, आणि उरलेल्या रजेचा पगार मिळणार नाही हे त्यांना नंतर कळलं. रजा मंजूर झाली होती. सही झाली होती. माझ्या पत्रकातल्या पहिलटकरणीला मी याबद्दल एका शब्दाने सावध केलं नव्हतं, हे मला लागून राहिलं आहे.

आता संस्थापकांकडे येते. लोकांचा संशय सगळ्यात तिखट होतो तो इथे.

मार्क झुकेरबर्ग २०१३पासून मूळ पगार वर्षाला एक डॉलर घेतो. असं ऐकलं की त्याग वाटतो. पण संस्थापकाची संपत्ती पगारात नसतेच, ती शेअरमध्ये असते. शेअरचा भाव वाढला की संपत्ती वाढते. विकला नाही तोवर त्या वाढीवर बहुतेक ठिकाणी कर लागत नाही, आणि रोख हवी असेल तर शेअर तारण ठेवून कर्ज काढता येतं. शिवाय अनेक कंपन्यांत संस्थापकाच्या शेअरला जास्त मतं असतात. गूगलने २००४ मध्ये बाजारात उतरताना संस्थापकांकडच्या शेअरला दहा मतं ठेवली होती, लोकांना विकलेल्याला एक. कर्मचाऱ्यालाही शेअर मिळतात, खरं आहे, आणि कित्येकांची घरं त्यातून उभी राहिली हेही खरं. पण त्याचे शेअर चार वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात येतात, वर्षाच्या आत नोकरी गेली तर बहुतेक वेळा एकही नाही, आणि नवख्या कंपनीत ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा नुसता पर्याय दिलेला असेल तर नोकरी सोडल्यावर तो वापरायला सहसा तीन महिने. पैसे भरायची ऐपत नसेल तर इतक्या वर्षांचं सगळं सोडून द्यायचं.

आणि यातली एक गोष्ट मला त्या कपातीच्या आठवड्यात समजली. कपातीची बातमी आली आणि कंपनीचा भाव वर गेला. बाजारात असं बऱ्याचदा होतं, त्यात आश्चर्य काही नाही. खर्च कमी होणार म्हणून गुंतवणूकदार खूश होतात. पण ज्या निर्णयाने ताईच्या आईचा विमा गेला, त्याच निर्णयाने त्याच दिवशी संस्थापकाची संपत्ती वाढली. त्याने तिचं वाईट चिंतलं असेल असं मी म्हणत नाही. तिचं नावही त्याला ठाऊक नसणार. पण ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे वाक्य मला त्यानंतर लिहिता आलं नाही. एकाचं नुकसान हा दुसऱ्याचा नफा असतो तिथे कुटुंब हा शब्द वापरू नये.

जुलै २०२१ मध्ये अंतराळाच्या उंबरठ्यावर जाऊन आल्यावर जेफ बेझोसने ॲमेझॉनच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे आणि ग्राहकाचे आभार मानले. याचे पैसे तुम्हीच दिलेत, असं तो म्हणाला. जगभर लोक संतापले. माझ्या मते तो त्या क्षणी खरं बोलला होता, आणि म्हणूनच ते एवढं झोंबलं.

दानाचंही तसंच आहे. अमेरिकेतला पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगी याने जगभरात अडीच हजारांवर वाचनालयं उभी केली. त्यांतून शिकलेल्या माणसांची गणती होणार नाही, आणि त्या पुस्तकांचं मोल कमी करायचा मला काहीच अधिकार नाही. पण १८९२ साली त्याच्याच होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरी कापण्यावरून झगडा पेटला, कंपनीने शेकडो खाजगी सशस्त्र पहारेकरी बोलावले, दोन्ही बाजूची माणसं मेली आणि कामगार संघटना मोडून पडली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. सहा वर्षांनी त्याच परिसरात त्याने वाचनालय बांधून दिलं, आत पोहण्याचा तलाव आणि संगीत सभागृहसुद्धा. भट्टीवर बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने त्या दारातून कधी आत जायचं? त्याला विचारलं असतं तर त्याने कदाचित चार तास मागितले असते. विचारायचं कुणी आणि द्यायचं काय, हे दोन्ही एकाच माणसाच्या हातात राहिलं.

हे लिहिताना मनात सारखी भीती आहे की मी सगळ्यांना एकाच मापाने मोजते आहे. तसं करायचं नाही. आमच्या कंपनीतलं पाळणाघर नसतं तर माझ्या कितीतरी मैत्रिणींना नोकरी सोडावी लागली असती. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२मध्येच सुरू झाला आणि भविष्यनिर्वाह निधी १९२०मध्ये. कायद्याने तो निधी देशात यायला १९५२ साल उजाडलं. चांगला मालक कायद्याच्या तीस वर्षं आधी काही करू शकतो, हे मला मोलाचं वाटतं. आणि त्याच १९२० साली त्याच कारखान्यात संपही झाला होता. मालकाचा चांगुलपणा आणि कामगारांचं मागणं एकाच अंगणात नांदू शकतं. मागणाऱ्याला कृतघ्न म्हटलं की बिघडतं.

ब्रिटनमधल्या जॉन लुईस या दुकानांच्या कंपनीची गोष्ट मला या सगळ्यात आधार देते. मालकाचा मुलगा स्पेडन लुईस याच्या तरुणपणी लक्षात आलं की वडील, भाऊ आणि तो असे तिघे मिळून धंद्यातून जेवढं घेतात तेवढा शेकडो कामगारांचा मिळून पगार नाही. ही गोष्ट त्याला स्वस्थ बसू देईना. १९२९ साली त्याने कामगारांच्या हितासाठी विश्वस्त निधी केला आणि १९५०पर्यंत मालकी पूर्णपणे त्या निधीकडे सोपवली. तिथेही अडचणीचे दिवस आले. २०२१मध्ये बोनस मिळाला नाही, १९५३नंतर पहिल्यांदाच. नंतर कपातीही झाल्या. पण मे २०२३मध्ये कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेल्या मंडळाने अध्यक्षांच्या कारभारावर मतदान घेतलं आणि सरलेल्या वर्षाच्या कामगिरीबद्दल नापसंती नोंदवली. पुढच्या योजनेला मात्र पाठिंबा दिला. बोनस गेला तरी विचारायचा हक्क शिल्लक होता. आपल्याकडे ‘मायबाप’ म्हणून हात जोडायची जी जुनी सवय आहे, ती अशा ठिकाणी आपोआप सुटत असेल असं मला वाटतं.

ताईच्या आईचं ऑपरेशन शेवटी पाच महिन्यांनी झालं, तिच्या स्वतःच्या पैशाने. ती मला अजून फोन करते. तिने मला कधी बोल लावला नाही.

मी इतका वेळ कर्मचाऱ्यांबद्दल बोलते आहे. पण त्या पत्रकांत ज्यांचा उल्लेखच नसायचा अशीही माणसं त्याच इमारतीत होती. आमच्या गळ्यातली ओळखपत्राची पट्टी निळी, कंत्राटी लोकांची करडी. (मायक्रोसॉफ्टमध्ये एकेकाळी निळं आणि नारिंगी ओळखपत्र होतं. वर्षानुवर्षं तेच काम करूनही ‘तात्पुरते’ राहिलेल्यांनी खटला भरला आणि २०००मध्ये कंपनीला ९.७ कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली.) मोठ्या कंपन्या आपल्या सुविधांचे आकडे सांगतात ते निळ्या पट्टीचे.

माझ्या शेवटच्या वर्षी आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. पत्रक मीच लिहिलेलं, म्हणून दिवसभर तिथे उभी होते. करड्या पट्टीच्या एक मावशी सकाळपासून खुर्च्या लावत होत्या, पाण्याचे ग्लास भरत होत्या. दुपारी गर्दी ओसरल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “मॅडम, माझंही बीपी बघतील का? डोकं फार चढतंय दोन दिवस.” मी टेबलाजवळ जाऊन विचारलं. यादीत नाव असल्याशिवाय नोंद करता येत नाही, म्हणाले. सामान आवरायची वेळ झाली तेव्हा तिथल्या नर्सबाईंनीच मावशींना खुणेने बोलावलं, दंडाला पट्टा गुंडाळला, दोनदा बघितलं. वरचा आकडा एकशे सत्तरच्या पुढे होता. त्यांच्या नावाचा कागद नव्हता, तेव्हा नर्सबाईंनी तोंडीच सांगितला आणि उद्याच डॉक्टरकडे जा म्हणाल्या. मावशी दोन्ही आकडे पुटपुटत राहिल्या, विसरायला नको म्हणून. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि ते तळहातावर लिहून घेतले.